विसणाचे शास्त्र

बाळाला न्हाऊ घालण्याआधी आजी घंगाळातल्या पाण्यात हात घालत नसे, कोपर बुडवत असे. चुलीवरची भांडी उचलून तळहात राठ झालेला, त्याला कढत पाणीही कोमट वाटायचे. मग अंदाजाने विसण घालायचे आणि पुन्हा कोपर. मोजावे, हव्या त्या उबेशी ताडून पाहावे, फरक असेल तेवढी दुरुस्ती करावी, परत मोजावे. तापमान-नियंत्रणाचे शास्त्र एवढ्यावरच उभे आहे. पुढच्या प्रकरणांत सूत्रे आणि आलेख येतील, तेव्हा वाचकाने हे घंगाळ डोळ्यांसमोर ठेवावे.

पैठण रस्त्यावरच्या चितेगावात बसून हे लिहिताना थर्मोस्टॅट हा शब्द परका वाटत नाही. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे या गावाचे नाव टीव्ही आणि घरगुती उपकरणांशी जोडले गेले. फ्रिजमधला थर्मोस्टॅट आणि गिझरमधला थर्मोस्टॅट हे सख्खे भाऊच. एक गारवा सांभाळतो, दुसरा ऊब.

या भागात पाणी तापवून ते नळांनी फिरवण्याची हौस मात्र कारखान्यांहून जुनी आहे. देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यातला शाही हमाम जरूर पाहावा. गरम पाण्याच्या आणि वाफेच्या स्नानाची तिथे सोय होती. हौद, पाट, नळ सारे आखून केलेले. तापमान राखणारे यंत्र तेवढे नव्हते. ते काम जाळ कमी-जास्त करणारा माणूस करी. आपल्या बंबापाशीही असेच कोणीतरी बसलेले असे.

गिझरने त्या माणसाला उठवले. अनेक गिझरांत पाण्यात बुडालेली एक पितळी नळी असते आणि तिच्या आत इन्व्हार या मिश्रधातूची कांडी. शार्ल एदुआर गियोम यांनी 1896 मध्ये शोधलेल्या या मिश्रधातूत लोखंडाबरोबर सुमारे 36 टक्के निकेल असते आणि तापला तरी तो जेमतेमच वाढतो. या कामासाठी त्यांना 1920 चे नोबेल मिळाले. पाणी तापते तशी नळी लांबते, कांडी तेवढीच राहते. त्या केसभर फरकाने वीजजोडणी सुटते. पाणी काही अंश निवले की जोडणी पुन्हा बसते. हे काही अंशांचे अंतर मुद्दाम ठेवलेले असते, नाहीतर स्विच दर क्षणाला टकटक करत बसेल.

इथे एक घरोघरचा गैरसमज. बटण शेवटपर्यंत फिरवले की पाणी लवकर तापते, असे बहुतेकांना वाटते. बटण फक्त कुठे थांबायचे ते सांगते. वेग ठरतो कॉइलवर. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायला 1000 किलोकॅलरी, म्हणजे साधारण 1.16 युनिट वीज लागते. 2 किलोवॉटची कॉइल त्याला सुमारे 35 मिनिटे घेणार. बटणाशी कितीही भांडा.

अवघड प्रश्न वेगळाच आहे: मोजायचे कुठे? आजीचे कोपर नेमके त्या पाण्यात असे जे बाळाच्या अंगावर पडणार. थर्मोस्टॅटला कळते ते त्याच्या नळीपुरते. टाकीत गरम पाणी वर चढते, गार तळाशी राहते, म्हणून दोन्हीकडचे उत्तर सारखे नसते. त्यात आपले बोअरचे पाणी जड. क्षारांचा थर कॉइलवर बसला की कॉइल आत धुमसते, पाण्याला मात्र उष्णता उशिरा पोचते.

थंड देशांतल्या घरगुती बॉयलरने या प्रश्नाला अनेक उत्तरे एकदम दिली आहेत. तो रेडिएटरकडे जाणारे पाणी मोजतो. परत येणारेही मोजतो, कारण ते सुमारे 55 अंशांखाली असेल तर धुरातली वाफ निवून तिची उष्णता पदरात पडते. खोलीचे तापमान भिंतीवरचा थर्मोस्टॅट कळवतो. काही घरांत बाहेरच्या भिंतीवरही संवेदक असतो. थंडी वाढली की तो पाणी जास्त तापवायला लावतो. आणि ज्वाला नुसती पेटत-विझत नाही, गरजेनुसार मोठी-बारीक होते. ‘कॉम्बी’ जातीच्या बॉयलरमध्ये नळ सोडताच रेडिएटर थांबतात, उष्णता आधी अंघोळीकडे वळते. परदेशी गेलेल्या आपल्या मुलांना पहिल्या हिवाळ्यात हे कोडे वाटते. एवढे कळले की सुटते.

साठवलेले पाणी 60 अंशांवर ठेवावे, कारण कोमट टाकीत लिजिओनेला जिवाणू वाढतात. पण 60 अंशांचे पाणी पाचएक सेकंदांत कातडी भाजते. यावर अभियंत्यांनी काढलेला तोडगा म्हणजे नळाआधी बसवलेली मिश्रण-झडप. ती गरम पाण्यात गार मिसळते, मोजते आणि पुन्हा मिसळते. मराठीत तिला विसण-झडप म्हणायला माझी हरकत नाही. (मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतून जे पाणी येते, त्याला विसण कुठून आणायचे, हे मात्र या पुस्तकात नाही.)

पहिल्या प्रकरणासाठी एक बादली, साधी तापमापी आणि सेकंदकाट्याचे घड्याळ जवळ ठेवावे. गिझरचे झाकण आपण सहाव्या प्रकरणात उघडणार आहोत, तेही मेन स्विच बंद करून.