नक्षीदार चामडी होल्स्टर : काउबॉयच्या कमरेवरची कारागिरी

होल्स्टर म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर अंगावर वागवण्यासाठीचे म्यान. पोलीस आणि लष्करात ते साधे, एकरंगी आणि सगळ्यांना सारखे असते. अमेरिकेच्या पश्चिम भागात मात्र हेच म्यान ऑर्डर देऊन, ठरावीक हत्याराच्या मापाने आणि वर फुलापानांची नक्षी कोरून बनवून घेण्याची जवळजवळ पावणेदोनशे वर्षांची परंपरा आहे. ते बनवणारा कारागीर शस्त्रकार नसतो, खोगीर बनवणारा असतो. एवढे लक्षात ठेवले की या वस्तूचे बरेच काही उलगडते.

खोगिरावरून कमरेवर

सॅम्युअल कोल्ट यांचे सुरुवातीचे मोठे रिव्हॉल्वर कमरेला लावण्याजोगे नव्हतेच. १८४७ चे कोल्ट वॉकर सुमारे दोन किलो वजनाचे होते. ते खोगिराच्या पुढच्या बाजूला अडकवलेल्या म्यानांत ठेवत. १८५१ चे 'नेव्ही' मॉडेल बरेच हलके होते. तेव्हा कॅलिफोर्नियात सोन्यासाठी माणसांची रीघ लागली होती आणि प्रत्येकाला हत्यार पट्ट्याला लावायचे होते. लष्करी म्यानावर मोठे झाकण असे. खोगीरवाल्यांनी ते काढून टाकले, म्यान हत्याराच्या आकाराबरहुकूम निमुळते केले आणि खोगिरावर करत तीच नक्षी त्यावर कोरली. ही 'कॅलिफोर्निया' पद्धत. पुढे संग्राहकांनी तिला 'स्लिम जिम' हे नाव दिले.

नक्षीचा प्रवास याहून जुना आहे. अरब-मूर कारागिरांकडून स्पेनमध्ये रुजलेली चर्मकला स्पॅनिशांबरोबर मेक्सिकोत आली आणि तिथल्या घोडेस्वार गुराख्यांच्या खोगिरांवरून कॅलिफोर्निया व टेक्सासमध्ये पोहोचली. 'खास अमेरिकन' म्हणून ओळखली जाणारी ही वेलबुट्टी अशी तीन मुलखांतून फिरून आलेली आहे.

१८७० च्या दशकात धातूची काडतुसे रूढ झाली. ती ओवण्यासाठी रुंद पट्टा आला आणि जुन्या म्यानाचा अरुंद फासा त्यावर बसेना. त्यातून 'मेक्सिकन लूप' ही रचना पुढे आली. तिच्यात एकाच अखंड चामड्याचा मागचा भाग खाली दुमडतात, त्याला आडव्या चिरा देतात आणि त्या चिरांतून म्यान ओवून घेतात. कमी शिवण, जास्त टिकाऊपणा आणि शिवाय मागच्या पदरावर नक्षीला मोकळी जागा. शायेन, डेन्व्हर, एल पासो या शहरांतल्या खोगीरवाल्यांनी ती घरोघरी पोहोचवली. एल पासो सॅडलरी हे १८८९ पासूनचे नाव आजही चालू आहे.

मांडीपर्यंत लोंबणारे, खाली वादीने बांधलेले, क्षणात हत्यार उपसता येणारे होल्स्टर मात्र खऱ्या काउबॉयचे नव्हे. ते सिनेमाचे आहे. खरे होल्स्टर पट्ट्यावर उंच आणि खोल बसे, कारण घोडा दौडवताना हत्यार पडू नये ही पहिली गरज होती. पट्ट्यालाच खाली चीर देऊन त्यात होल्स्टर अडकवण्याची 'बस्कॅडेरो' रचना विसाव्या शतकातली. हॉलिवूडने ती उचलली. स्वीडनहून आलेले एडवर्ड बोलिन यांनी चित्रपटतारकांसाठी चांदी मढवलेली खोगिरे आणि पट्टे बनवले, तर आर्वो ओजाला यांनी १९५० च्या दशकात आत धातूचा पत्रा घातलेले, झटपट उपसण्याचे होल्स्टर आणले. आज नवे होल्स्टर मागवणाऱ्या अनेकांच्या मनात हे पडद्यावरचेच चित्र असते.

चामडे कोणते?

नक्षी कोरायची तर झाडांच्या साली व फळांतील टॅनिनने कमावलेलेच गाईबैलाचे चामडे लागते. ते ओले केले की ठसा घेते आणि वाळले की तो धरून ठेवते. क्रोमने कमावलेले चामडे मऊ व लवचिक असते, पण त्यावर उठाव टिकत नाही आणि त्यातील क्षारांमुळे पोलादाला गंज चढू शकतो. कोल्हापुरी चपलेचे चामडेही बाभळीची साल आणि हिरडा वापरून याच जातीच्या प्रक्रियेने कमावतात. त्यामुळे त्याचा कडकपणा आणि वापरानंतर गडद होत जाणारा रंग मराठी वाचकाला अनोळखी नाही.

अमेरिकेत चामड्याची जाडी 'औंसा'त सांगतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, सुमारे ०.४ मिलिमीटर. होल्स्टरला साधारण ८ ते १० औंस, म्हणजे ३.२ ते ४ मिलिमीटर जाडी घेतात.

घडण

आधी कागदावर हत्याराची बाह्यरेषा काढून, जाडीसाठी व शिवणीसाठी जागा सोडून साचा करतात. चामडे कापल्यावर ते ओलवून काही तास झाकून ठेवतात, म्हणजे ओल सर्वत्र सारखी मुरते. सगळे कौशल्य या ओलीच्या अंदाजात आहे. जास्त ओल असेल तर ठसा फुगून बुजतो, कमी असेल तर उठतच नाही. पृष्ठभागाचा मूळ रंग परत येऊ लागला, पण हात लावल्यावर गार लागते, ही कोरायची वेळ.

मग बोटांत फिरणाऱ्या पात्याच्या सुरीने नक्षीच्या रेषा जाडीच्या निम्म्यापर्यंत कापतात. त्या रेषांच्या एका बाजूचे चामडे तिरप्या ठशाने ठोकून खाली बसवले की पाकळी वर आल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात वर काहीच आलेले नसते. पुढे पाकळ्यांची खोली, पानांच्या शिरा, फुलातल्या बिया, प्रत्येकासाठी वेगळा ठसा. पार्श्वभूमी बारीक ठिपक्यांनी दाबून बहुधा गडद रंगवतात. वायोमिंगमधील शेरिडन या गावाच्या नावाने ओळखली जाणारी, एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांतून फिरणाऱ्या वेली आणि छोट्या जंगली गुलाबांची शैली या कलेतली सर्वांत नाजूक मानली जाते. ती डॉन किंग यांनी घडवली. ज्याला एवढा खर्च नको, तो टोपलीच्या विणीचा ठसा घेतो. एकच ठसा शेकडो वेळा मारायचा असल्याने ते काम सोपे वाटते, पण एक ओळ वाकली की सगळे वाकते.

शिवण दोन सुयांनी, मेण लावलेल्या दोऱ्याने घालतात. आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध दिशांनी जातात, म्हणून एक टाका तुटला तरी पुढचे उसवत नाहीत. शिवणीच्या आत चामड्याची एक पट्टी घालतात. तिच्यामुळे हत्याराचा दाब दोऱ्यावर येत नाही. शेवटी म्यान पुन्हा ओलवून, आत हत्याराच्या मापाचा प्लॅस्टिकचा डमी घालून आकार बसवतात. खरे हत्यार वापरलेच, तर ते रिकामे असल्याची दोनदा खात्री करून आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून.

नक्षीआधी चाप

मराठीत बंदुकीलाही 'घोडा' असतो आणि इथे तो फरक महत्त्वाचा ठरतो. जुन्या रिव्हॉल्वरचा घोडा प्रत्येक वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागे, तोवर चाप दाबूनही काही होत नसे. म्हणून जुन्या होल्स्टरमध्ये चाप उघडा असला तरी चालून जाई. आधुनिक पिस्तुलांना ते लागू नाही. त्यांच्यासाठी चाप पूर्ण झाकणारेच होल्स्टर हवे. जुन्या नमुन्याची हुबेहूब नक्कल आधुनिक हत्यारासाठी मागणे हा ग्राहकाचा सर्वांत महागात पडू शकणारा हट्ट आहे. चामडे जुने होऊन तोंड मऊ पडले तरी धोका असतो. हत्यार परत ठेवताना आत वळलेली घडी चापात अडकून गोळी सुटू शकते. नक्षी कितीही सुंदर असो, असे होल्स्टर भिंतीवर टांगावे, कमरेला लावू नये.

ऑर्डर देताना

कारागिराला मॉडेलचे नाव पुरत नाही, नळीची लांबीही लागते. १८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीच्याच ४.७५, ५.५ आणि ७.५ इंची नळ्या प्रचलित आहेत. हात उजवा की डावा, सरळ उपसायचे की पोटावरून आडवे, पट्टा किती रुंद, हेही आधी ठरते. जुन्या वेशात नेमबाजी करणाऱ्या, १९८७ मध्ये स्थापन झालेल्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या स्पर्धकांमुळे अशा कामाला कायम गिऱ्हाईक आहे. हात लावून पाहता आले तर कडा पाहाव्यात. घासून काचेसारख्या केलेल्या कडा हे सावकाश केलेल्या कामाचे लक्षण. मशीनने एका दाबात उमटवलेल्या नक्षीत रेषा कापलेल्या नसतात, नुसत्या दबलेल्या असतात.

जुन्या वस्तूंच्या बाजारात कारागिराचा शिक्का किंमत कित्येक पटींनी वाढवतो, म्हणून खोटे शिक्केही मारले जातात. नवा शिक्का जुन्या, वाळलेल्या चामड्यावर मारला की भोवतालचा पृष्ठभाग तडकलेला दिसतो.

भारतात परवानाधारकासाठी या हौसेला एक अडचण आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हत्यार झाकलेले असावे लागते, म्हणजे कमरेवरची नक्षी मिरवता येत नाही. घरातही हत्यार होल्स्टरमध्ये साठवून ठेवू नये. चामडे ओल धरते, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात, आणि पोलाद गंजते. पट्ट्यात ओवून ठेवलेल्या पितळी काडतुसांवर तर हिरवट थर चढतो. हत्यार कुलूपबंद कपाटात आणि होल्स्टर वेगळे, हवेशीर जागी, अधूनमधून तेलाचा हलका हात फिरवून ठेवतात.