मेटफॉर्मिनचे मूळ एका रानवनस्पतीत

“डॉक्टर, या गोळ्या म्हणजे शेवटी केमिकलच ना? त्यापेक्षा झाडपाल्याची पावडर घेतली तर चालेल का?” हा प्रश्न मधुमेहाचे रुग्ण नेहमी विचारतात. त्याचे उत्तर मेटफॉर्मिनच्या इतिहासातच आहे, कारण ही गोळी एका वनस्पतीच्या अभ्यासातूनच आली आहे.

त्या वनस्पतीचे नाव गॅलेगा ऑफिसिनॅलिस. आपल्या मेथीच्याच कुळातली. युरोपात मध्ययुगापासून ती औषध म्हणून वापरली जाई. पण तीच जास्त खाल्ली तर मेंढ्या दगावत.

या वनस्पतीत ग्वानिडीन वर्गातली द्रव्ये असतात. ग्वानिडीनमुळे प्राण्यांच्या रक्तातली साखर उतरते, हे 1918 मध्ये दिसले. पुढे गॅलेगातले गॅलेजिन हे द्रव्य मधुमेही रुग्णांना देऊन पाहिले. साखर उतरली, पण परिणाम थोडाच वेळ टिकला आणि विषारीपणाही जाणवला. म्हणजे गुण खरा होता, पण औषध सुरक्षित नव्हते.

1922 मध्ये डब्लिनला वर्नर आणि बेल यांनी याच वर्गातले मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत तयार केले. मात्र त्याच वर्षी इन्सुलिन रुग्णांपर्यंत पोहोचले आणि मेटफॉर्मिन मागे पडले. 1957 मध्ये पॅरिसच्या डॉ. ज्याँ स्टर्न यांनी रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा त्याला खरी ओळख मिळाली. त्याच गटातले फेनफॉर्मिन जास्त जोरकस होते, पण त्याने रक्तात लॅक्टिक आम्ल धोकादायक प्रमाणात साठू लागले. 1970 च्या दशकात अनेक देशांनी ते बंद केले. मेटफॉर्मिन टिकले. 1998 मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसले, की वजन जास्त असलेल्या टाइप 2 रुग्णांमध्ये त्याने हृदयविकाराचे झटकेही कमी झाले.

यातून काय शिकायचे? वनस्पतीत औषधी गुण असू शकतो, पण किती मात्रा, कोणाला आणि कोणता धोका, हे ठरायला अनेक दशके लागली. बाजारातल्या पुडीत नेमके कोणते द्रव्य किती आहे, हे बहुधा कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून मेथी, कारले, जांभूळ आहारात जरूर ठेवा. मेथीदाण्यातल्या तंतूंमुळे जेवणानंतरची साखर हळू चढते. पण ही गोळ्यांची जागा घेत नाहीत. रस किंवा पावडर घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना त्याने साखर फार खाली जाऊ शकते. आणि मनाने गोळ्या, विशेषतः इन्सुलिन, कधीही बंद करू नका. वाढलेली साखर बरेचदा काहीच त्रास न देता डोळे आणि मूत्रपिंडे बिघडवत असते.

पुढच्या भेटीला पुडी सोबत घेऊन या. लपवू नका, डॉक्टर रागावणार नाहीत.