देवळालीचा ताप आणि मॅनहॅटनचा कट्टा

आमचं केडगाव म्हणजे नगरचं केडगाव. आधीच सांगितलेलं बरं, कारण दौंडजवळ दुसरं केडगाव आहे, तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे आणि इतिहासाच्या पुस्तकांत तेच भाव खाऊन जातं. आमचं आपलं पुणे रस्त्यावरचं, रेणुकामातेचं. (२०२४ पासून जिल्हा कागदोपत्री अहिल्यानगर आहे, पण बोलताना जिभेवर नगरच येतं.)

तसं इंग्रजी नगरला नवीन नाही. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ पासून. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले ते इथल्या मिस फरार यांच्याकडे. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं तेही इथल्या किल्ल्यात कैदेत असताना. पण हे सगळं पुस्तकी, साहेबी इंग्रजी. चहाच्या टपरीवर एखाद्याने सहज काही विचारलं तर सहज उत्तर देता येईल असं इंग्रजी आमच्याकडे कुठून आलं, याचा इतिहास कोणी लिहीत नाही. तो शाळेत नाही, टीव्हीवर आहे. आणि त्यातही विनोदी मालिकांमध्ये.

शाळेचा दोष नाही म्हणा. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी ते पाचवीपासून असायचं. आमची पिढी या निर्णयाचं पहिलं पीक. हिशेब केला, कारण दुसरं काय येतं आपल्याला :) आठवड्याला सहा तासिका, पस्तीस मिनिटांच्या, वर्षाचे पस्तीस आठवडे, दहा वर्षं. झाले बाराशे तास. त्यात मी स्वतः तोंड उघडून इंग्रजी बोललो असेन एकूण तासभर, तेही 'मे आय कम इन सर' धरून. पॅसिव्ह व्हॉइस झोपेत करायचो. पण 'हाउज इट गोइंग' ला काय म्हणायचं असतं ते कुठल्याच धड्यात नव्हतं.

टीव्हीने हे काम फार आधी सुरू केलं होतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि थोड्याच काळात तिथे सबीरा मर्चंट यांचा 'व्हॉट्स द गुड वर्ड' लागू लागला. एका शब्दाचा इशारा द्यायचा, जोडीदाराने मूळ शब्द ओळखायचा. छान खेळ, पण ज्यांना इंग्रजी येतं त्यांचा. ज्यांना येत नाही त्यांचा वर्ग भरला तो लंडनमध्ये.

'माइंड युवर लँग्वेज' कोणी पाहिलं नाही असा माणूस माझ्या ऑफिसात तरी नाही. १९७७ ते १९७९, एकोणतीस भाग. मिस्टर ब्राऊन नावाचा गरीब मास्तर आणि समोर इटालियन, जर्मन, जपानी, चिनी, ग्रीक, शीख, पाकिस्तानी अशी खिचडी. गंमत म्हणजे त्यातला सरदार रणजित सिंग झालेला ॲल्बर्ट मोझेस मूळचा श्रीलंकेचा, आणि पाकिस्तानी अली नदीम झालेला दिनो शफीक जन्माने ढाक्याचा. साहेबाला सगळे सारखेच! मालिका लोकप्रिय असताना बंद झाली, कारण वाहिनीच्या मायकेल ग्रेडला त्यातलं परदेशी माणसांचं साचेबंद चित्रण अपमानास्पद वाटलं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण मी अकरावीत यूट्यूबवर ती पाहिली तेव्हा मला अपमान वगैरे काही वाटला नाही. मला एवढंच दिसलं की आपल्यासारखीच चुकणारी दहा माणसं आहेत, चुकतात आणि पुढच्या गुरुवारी परत वर्गात येऊन बसतात, असं काहीसं. एकाच वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ घेतला की कसा घोटाळा होतो, हा त्यातला कायमचा विनोद. आणि घोटाळा झाला की मास्तर समजावून सांगतो. म्हणजे धडाच, फक्त फळ्याशिवाय.

आता जरा नाशिककडे वळू. हाच दिनो शफीक त्याच्या आधीपासून बीबीसीच्या 'इट एन्ट हाफ हॉट मम' मध्ये चहावाला होता. १९७४ ते १९८१ चालली ही मालिका, आणि तिच्या सुरुवातीच्या भागांतला लष्करी तळ म्हणजे आपलं देवळाली! नगरच्या शेजारच्या जिल्ह्यातलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी सैनिकांसाठी नाचगाण्याचे कार्यक्रम करणारी एक तुकडी, असा विषय. लेखक जिमी पेरी स्वतः देवळालीत अशा तुकडीत होता. त्यात रंगी राम या हिंदी माणसाचं काम मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने तोंडाला रंग लावून केलं. बेट्सचा जन्म झाशीचा, उर्दू येत होती, पण रंग तो रंगच. त्यामुळे बीबीसी आता ही मालिका पुन्हा दाखवत नाही.

देवळालीची गोष्ट मला कळली ती एका कॉलवर. आमचा ब्रिटिश क्लायंट म्हणाला, सर्व्हर 'डुलॅली' झालाय. कॉलवरच्या सहा इंजिनिअरांनी 'येस येस' केलं आणि नंतर सगळे शोधायला बसले. 'डुलॅली' म्हणजे डोकं फिरलेलं, आणि हा शब्द आलाय देवळालीवरून. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे शिपाई त्या छावणीत महिनोन्‌महिने पडून असत, कंटाळून त्यांचं डोकं फिरे. त्याला ते 'देवळाली टॅप' म्हणत. हा टॅप नळाचा नव्हे, आपला ताप! म्हणजे आम्ही ज्या शब्दापुढे अडलो तो आमच्याच बाजूच्या स्टेशनातून विलायतेला गेला होता.

असो. १९९३ मध्ये दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर 'जबान संभालके' आलं आणि वर्गच उलटा झाला. मास्तर देशी, शिकायची भाषा हिंदी, आणि चुकणाऱ्यांत टॉम ऑल्टरने केलेला इंग्रज. पंकज कपूरचा मोहन भारती हा इंजिनिअर असून नोकरी नाही म्हणून हिंदी शिकवतो (यावर मी काही बोलत नाही). मुख्याध्यापिका शुभा खोटे आणि विद्यार्थ्यांत मराठी पोटे झालेले त्यांचे भाऊ विजू खोटे. हसण्यासारखा मराठी माणूस इथेही होताच, पण बाकीच्यांना वगळून एकट्या त्यालाच कोणी हसत नव्हतं.

आमच्या हॉस्टेलवर मात्र राज्य 'फ्रेंड्स'चं. १९९४ ते २००४, २३६ भाग, प्रत्येकी बावीस मिनिटं धरली तर साधारण ८६ तास. आधी हार्ड डिस्कवरून हार्ड डिस्कवर फिरायचं. २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, सप्टेंबरात जिओ आलं, मग केडगावच्या गच्चीवरही दिसायला लागलं. माझा रूममेट पाथर्डीकडचा. कोडिंगमध्ये आम्हा सगळ्यांचा बाप, पण एका कंपनीच्या शेवटच्या फेरीत 'कम्युनिकेशन'वर बाद झाला. त्याने ते ८६ तास अभ्यासासारखे केले. एक भाग इंग्रजी सबटायटल लावून, तोच परत सबटायटल काढून. पुढच्या वर्षी लागला.

विनोदच का? गुन्हेगारीच्या मालिका आम्ही पाहायचोच की. त्यातून 'सस्पेक्ट' आणि 'वॉरंट' शिकलो, जे हिंजवडीत अजून लागलेलं नाही. विनोदी मालिकेत तीच सहा माणसं, तोच सोफा, आणि भांडण कपभर कॉफीवरून. शिवाय 'फ्रेंड्स' बर्बँकच्या स्टुडिओत प्रेक्षक बसवून चित्रित व्हायचं. ते हसले आणि आपण नाही हसलो, की लगेच समजतं, इथे काहीतरी सुटलं. दहा सेकंद मागे जा. हा असा फीडबॅक आम्हाला दुसऱ्या कोणी दिला नव्हता.

सुटायचं काय, तर बहुतेक वेळा क्रियापदामागचा चिमुकला शब्द. 'फिगर आउट', 'एंड अप', 'हँग आउट'. शब्दकोशात दोन्ही शब्द आहेत, अर्थ कुठेच नाही. चिडायचं कारण नाही, आपण कमी नाही. 'करून टाक', 'सांगून बघ', 'येऊन जा' यात टाकतो काय आणि बघतो काय? हे ऐकूनच यायचं असतं.

जगभर हेच झालंय. बीटीएसचा आरएम याने २०१७ मध्ये अमेरिकेत टीव्हीवर सांगितलं की आईने आणलेल्या 'फ्रेंड्स'च्या डीव्हीडींनी त्याला इंग्रजी शिकवलं. व्हेनेझुएलाचा बेसबॉलपटू विल्मर फ्लोरेस यानेही तसंच सांगितलंय. आणि सबटायटलचं म्हणाल तर आयआयएम अहमदाबादचे ब्रिज कोठारी यांना त्याच भाषेतल्या सबटायटलची कल्पना १९९६ मध्ये स्पॅनिश सिनेमा बघताना सुचली, आणि ती त्यांनी 'चित्रहार'पर्यंत नेली. गाणं ऐकता ऐकता लोकांनी वाचायला शिकावं म्हणून.

'फ्रेंड्स'चे दोष आहेतच. न्यूयॉर्कसारख्या शहरात सहाही मित्र गोरे. निर्माती मार्टा कॉफमनला पुढे याची लाज वाटली, २०२२ मध्ये तिने ब्रँडाइस विद्यापीठाला चाळीस लाख डॉलर द्यायचं जाहीर केलं. आणि कट्ट्यावरचं इंग्रजी क्लायंटसमोर चालत नाही. रूममेटने पहिल्या नोकरीत मॅनेजरला 'ड्यूड' म्हटलं होतं.

सध्या आमच्या टीममधला चेन्नईचा एकजण मराठी शिकतोय. कुठली मालिका बघू, विचारत होता. मी 'दिल दोस्ती दुनियादारी' सांगितली. २०१५ ची, मुंबईतल्या एका फ्लॅटमध्ये सहाजण, म्हणजे आपलं तेच. चाळीसेक भाग झालेत त्याचे. परवा कँटीनमध्ये विचारत होता, 'चल, काहीतरीच काय!' यात नक्की काय काहीतरी असतं? मला अजून सांगता आलेलं नाही.