ऐतिहासिक वास्तूंचे सूचीकरण

जुन्या वास्तूंपैकी कोणत्या वास्तू सार्वजनिक हितासाठी टिकवावयाच्या, हे ठरवून त्यांची नोंद शासनमान्य यादीत करण्याच्या प्रक्रियेस सूचीकरण असे म्हणतात. वास्तूचा प्रस्ताव, तज्ञांची छाननी, लोकांच्या हरकती व सूचना मागविणारे जाहीर निवेदन आणि अखेरची अधिसूचना, असे तिचे सामान्यतः टप्पे असतात. सूचीत नाव आले म्हणून वास्तू शासनाच्या मालकीची होत नाही. तिची मालकी जेथे असेल तेथेच राहते. मात्र ती पाडण्याच्या, वाढविण्याच्या वा तिचे रूप बदलण्याच्या मालकाच्या हक्कावर मर्यादा येते. त्यामुळे सूचीकरणाचा इतिहास हा जसा पुरातत्त्वविद्येचा, तसाच तो मालमत्तेच्या हक्काचाही इतिहास आहे. आणि या दोहोंची गाठ पडते ती हरकतींच्या टप्प्यावर. प्रस्तुत विषयावरील लेखनात या टप्प्याकडे कार्यालयीन उपचार म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते, ती योग्य नव्हे.

आधुनिक पद्धतीची पहिली मोठी सूची फ्रान्समध्ये १८४० साली तयार झाली. साहित्यिक व स्मारक-निरीक्षक प्रॉस्पेर मेरीमे (१८०३–७०) याच्या पुढाकाराने झालेल्या या सूचीत १,०३४ वास्तू होत्या. तीमागे कायद्याचे बळ नव्हते. ते पुढे १८८७ मध्ये लाभले. इंग्लंडमध्ये सर जॉन लबक याच्या प्रयत्नाने १८८२ मध्ये प्राचीन स्मारकांचा पहिला कायदा संमत झाला. खाजगी मालमत्तेत हात घालण्यास तेथील संसद इतकी नाखूष होती, की या कायद्यात मुख्यत्वे प्रागैतिहासिक अवशेषांचाच समावेश होऊ शकला.

भारतात इंग्रजी अमदानीच्या आरंभी बंगाल (१८१०) व मद्रास (१८१७) येथील विनियमांनी सार्वजनिक इमारतींचा गैरवापर रोखण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला होता, परंतु खाजगी मालकीच्या वास्तू त्या कक्षेबाहेर राहिल्या. १८६१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम (१८१४–९३) याच्या हाताखाली पुरातत्त्वीय सर्वेक्षण सुरू झाले, ते पाहणी व नोंद यांसाठी. जतन हा त्याचा उद्देश नव्हता. मुंबई इलाख्यातील पुरावशेषांच्या याद्या जेम्स बर्जेस याने १८८५ मध्ये प्रसिद्ध केल्या आणि हेन्री कझिन्स याने त्या १८९७ मध्ये सुधारून वाढविल्या. गावोगावची देवळे, मशिदी, लेणी, बारवा आणि किल्ले यांची ती नोंद अभ्यासकांना आजही उपयोगी पडते. याच सुमारास स्मारकांची तीन वर्गांत विभागणी करण्याची प्रथा पडली. कायम दुरुस्तीत ठेवावयाची ती पहिल्या वर्गात. झाडेझुडपे काढून वा भिंतींत मुरणारे पाणी थांबवून आणखी पडझड टाळता येईल एवढीच ती दुसऱ्या. आणि जीर्णतेमुळे किंवा गौण महत्त्वामुळे ज्यांचे जतन अशक्य वा अनावश्यक मानले, ती तिसऱ्या वर्गात. तिसऱ्या वर्गाचा शेरा म्हणजे व्यवहारात उपेक्षेचा परवानाच होता. तो देताना गावकऱ्यांना कोणी विचारले नाही, कारण विचारण्याची तरतूदच नव्हती.

ती तरतूद लॉर्ड कर्झन (कार. १८९९–१९०५) याच्या काळात आली. १९०२ मध्ये त्याने जॉन मार्शल (१८७६–१९५८) याची सर्वेक्षणाचा महासंचालक म्हणून नेमणूक केली आणि १९०४ मध्ये प्राचीन स्मारक परिरक्षण अधिनियम (१९०४ चा सातवा) संमत झाला. त्याचे तिसरे कलम लहान असले, तरी पुढील सर्व भारतीय कायद्यांचा साचा त्यात आहे. सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून एखादे स्मारक संरक्षित घोषित करावे. त्या अधिसूचनेची प्रत स्मारकावर वा त्याच्या जवळ ठळक जागी लावावी. ती लावल्यापासून एक महिन्याच्या आत येणाऱ्या हरकती विचारात घेतल्या जातील असे तीसोबत कळवावे. आणि मुदत संपल्यावर हरकतींचा विचार करून अधिसूचना कायम करावी किंवा मागे घ्यावी. राजपत्र खेड्यात कोणी वाचत नाही, हे ओळखून कागद प्रत्यक्ष भिंतीवर लावण्याची अट घातली गेली, हे लक्षणीय आहे. तो कागद बहुधा इंग्रजीत असे व गावात तो वाचू शकणारे थोडेच असत, ही त्याची दुसरी बाजू. धार्मिक वास्तूंबाबत मात्र कायदा जपून चालला. नियमित उपासना होत असलेली वास्तू सक्तीने विकत घेण्याचा अधिकार सरकारला नव्हता आणि संरक्षित प्रार्थनास्थळाचा वापर त्याच्या मूळ स्वरूपाशी विसंगत अशा कामासाठी करण्यास मनाई होती. स्मारकाची नासधूस करणाऱ्यास पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. त्या काळच्या मानाने हा दंड जबर होता; परंतु तोच आकडा १९५८ च्या कायद्यात जसाच्या तसा उतरला आणि २०१० पर्यंत टिकला.

स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांची सूची संसदेनेच मंजूर केली. त्याची जागा १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियमाने घेतली. यात हरकतींची मुदत दोन महिने झाली. महाराष्ट्राने राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० मध्ये स्वतंत्र कायदा केला. केंद्रीय कायद्याने संरक्षणासाठी वास्तू किमान शंभर वर्षांची असावी अशी अट घातली. तिच्या कक्षेत लेणी, हेमाडपंती देवळे व किल्ले सहज आले. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडलेली मुंबई बाहेर राहिली. १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई मनोरा त्या वेळी ऐंशी वर्षांचा, तर १८८८ मध्ये पूर्ण झालेले व्हिक्टोरिया टर्मिनस (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) सत्तर वर्षांचे होते. शिवाय ज्यांत माणसे राहतात, कचेऱ्या चालतात व दुकाने थाटलेली असतात, अशा शेकडो इमारतींना ‘स्मारक’ ही संज्ञाच लागू पडत नव्हती. त्यांच्यासाठी नगररचनेच्या कायद्याकडे वळणे भाग होते.

ते कार्य मुंबईत १९९५ मध्ये झाले. इतिहासकार, वास्तुविशारद, पर्यावरणवादी संस्था व जागरूक नागरिक यांच्या प्रयत्नांतून तयार झालेली सूची बृहन्मुंबई विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ६७ खाली अंमलात आली. त्यामागे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याचे बळ होते. सहाशेहून अधिक वास्तू व परिसर तीत समाविष्ट होते. वास्तूंच्या तीन श्रेणी पाडण्यात आल्या. पहिल्या श्रेणीतील वास्तूंत बळकटीसाठी आवश्यक तेवढ्याच दुरुस्तीस वाव होता. दुसरीचे अ व ब असे पोटभेद होते. तिसरीत बरेच बदल शक्य होते. एकोणिसाव्या शतकातील तीन वर्गांशी या श्रेणींचे साम्य वरवरचे आहे. तेथे पडझडीचे मोजमाप होते, येथे महत्त्वाचे. वास्तुशिल्प, इतिहास, थोर व्यक्तींचा सहवास, बांधकामातील तंत्र, रस्त्याच्या वा चौकाच्या शोभेतील वाटा अशा निरनिराळ्या कारणांसाठी वास्तू निवडली जाऊ शकत असे. बदलाच्या प्रत्येक अर्जावर वारसा जतन समितीचा सल्ला घेणे आयुक्तांवर बंधनकारक झाले, आणि सूचीत भर घालण्यापूर्वी जनतेच्या हरकती व सूचना मागविल्या पाहिजेत, हेही नियमातच नमूद झाले. मालकाची संमती मात्र आवश्यक मानली गेली नाही. त्याच्या बुडालेल्या चटईक्षेत्राची भरपाई हस्तांतरणीय विकास हक्कांच्या रूपाने करण्याची सोय ठेवण्यात आली.

हा नियम भारतातील नागरी जतनाच्या इतिहासात मोलाचा आहे, याविषयी दुमत नसावे. पण सूचीमुळे इमारत पडायची थांबते, तरी दुरुस्त होत नाही. मुंबईतील अनेक जुन्या इमारतींत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेली भाडी दीर्घकाळ चालू राहिली. त्या उत्पन्नातून मालक डागडुजी करीना आणि हक्क जाण्याच्या भीतीने भाडेकरू जागा सोडीना. काळा घोडा भागातील एस्प्लनेड मॅन्शन (पूर्वीचे वॉटसन्स हॉटेल) हे याचे बोलके उदाहरण होय. इंग्लंडमध्ये घडवून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभारलेल्या या इमारतीत ७ जुलै १८९६ रोजी ल्यूम्येअर बंधूंचे चलत्‌चित्रपट दाखविण्यात आले. भारतातील तो पहिला खेळ. सूचीत ती दुसऱ्या (अ) श्रेणीत आहे. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला आणि २०१९ मध्ये धोकादायक म्हणून ती रिकामी करण्यात आली. ती पाडावी की सावरावी, यावर तज्ञांतही एकमत झाले नाही.

हरकतींच्या टप्प्याचे खरे सामर्थ्य दिसून आले ते २०१२ मध्ये. मुंबई महानगरपालिकेने सूचीत नऊशेहून अधिक नोंदींची भर घालण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध केला. दादरची शिवाजी पार्क व पारशी कॉलनी यांसारखे परिसर त्यात होते. विसाव्या शतकातील मध्यमवर्गीय वस्त्याही वारसा ठरू शकतात, हा त्यामागील विचार अभ्यासकांना पटणारा होता. रहिवाशांकडून मात्र तीव्र विरोध झाला. उद्‌वाहन नसलेल्या, गळक्या इमारतींत म्हातारपण काढणाऱ्यांना पुनर्विकास ही एकच वाट दिसत होती, आणि परिसराच्या सूचीकरणाने ती बंद होईल ही त्यांची धास्ती निराधार नव्हती. विरोधकांत विकासकांचे हितसंबंध मिसळले होते, असेही म्हटले गेले. ते काही अंशी खरे असेल, पण तेवढ्याने त्या धास्तीचे उत्तर होत नाही. हरकतींवर सुनावण्या झाल्या आणि प्रस्तावाच्या फेरविचारासाठी शासनाने माजी मुख्य सचिव दिनेश अफझुलपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तज्ञांनी यादी आधी करावयाची व तिचा अर्थ लोकांना मागाहून सांगावयाचा, हा क्रम चुकीचा आहे, हे या प्रकरणात ठळकपणे प्रत्ययास आले. पुढे २०१८ च्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत वारसा जतनाच्या तरतुदी नियम ५२ मध्ये समाविष्ट झाल्या.

मालकाच्या संमतीचा प्रश्न इतर देशांनी निराळ्या रीतीने सोडविला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६६ च्या कायद्याने ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. १९८० च्या दुरुस्तीनुसार खाजगी मालकाने हरकत घेतल्यास स्थळाची नोंद होत नाही. मात्र तेथे या नोंदीने मालकावर फारसे बंधनही येत नाही. मुख्य बंधन येते ते संघीय शासनाच्या प्रकल्पांवर. भारतात बंधन कडक असल्याने केवळ मालकाच्या नकाराने सूचीतून सुटका मिळू लागल्यास सूचीत शासकीय इमारतींखेरीज फार थोडे उरेल. शासकीय इमारतीही निर्धास्त नसतात. हैदराबादेत २०१५ मध्ये वारसा-संरक्षणाचा नागरी नियमच वगळण्यात आला. तेथील इर्रम मंझिल पाडून विधिमंडळाची नवी इमारत बांधण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द ठरविला, तो नागरिकांच्या याचिकांमुळे.

केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये मोठी दुरुस्ती झाली. शिक्षा दोन वर्षे कैद व एक लाख रुपये दंड यांपर्यंत वाढली. संरक्षित स्मारकाभोवतीच्या शंभर मीटर पट्ट्यात नव्या बांधकामास बंदी व त्यापुढील दोनशे मीटर पट्ट्यात नियमन, या १९९२ पासूनच्या निर्बंधांना कायद्याचेच रूप आले. पुण्याच्या शनिवारवाड्याभोवतीचे जुने वाडे यामुळे अडकून पडले आहेत. ते स्वतः स्मारक नाहीत, म्हणून त्यांच्या दुरुस्तीस शासन पैसा देत नाही. ते स्मारकाजवळ आहेत, म्हणून त्यांच्या जागी नवे घर उभे राहत नाही. वाडा संरक्षित घोषित झाला तेव्हा शेजाऱ्यांना हरकत घेण्याचे कारणच नव्हते, कारण शेजारावरील बंधन पुढे कित्येक दशकांनी जन्मास आले. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या बारा दुर्गांपैकी पन्हाळ्यावर नांदते गाव आहे. नवे निर्बंध येण्याची भीती तेथील रहिवाशांनीही बोलून दाखविली.

सूचीत घेणे जसे कायद्याने होते, तसेच वगळणेही. १९५८ च्या कायद्याच्या ३५ व्या कलमान्वये राष्ट्रीय महत्त्व उरले नाही असे वाटल्यास केंद्र शासन स्मारक सूचीतून काढू शकते. मार्च २०२४ मध्ये अशी अठरा स्मारके वगळण्याचा प्रस्ताव राजपत्रात आला आणि हरकतींसाठी दोन महिन्यांची मुदत देण्यात आली. हरियाणातील मुजेसर येथील मोगलकालीन कोस मिनार, दिल्लीतील बाराखंबा येथील दफनभूमी, वाराणसीचे तेलिया नाला येथील बौद्ध अवशेष इत्यादींची नावे त्यात होती. यांपैकी काहींचा जागेवर मागमूसच लागत नव्हता. नागरी वस्तीने त्यांना केव्हाच गिळले होते. अधिसूचनेची प्रत स्मारकाजवळ ठळक जागी लावण्याची १९०४ पासूनची अट अशा स्थळी कशी पाळावी, हे कायद्यात सांगितलेले नाही.