पागेची वैरण

मराठी घोडदळ दसऱ्यानंतर आठ महिने मुलूखगिरीवर असे. घोडी वाटेतल्या कुरणांवर आणि मिळेल त्या वैरणीवर पोसली जात. पावसाळ्यात छावणी. तिच्यासाठी दाणा, रतीब, औषधे आधीच तयार ठेवावीत, असा दंडक सभासद बखरीत आहे.

राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या पागेच्या अधिकाऱ्यांना धाडलेले पत्र याहून रोखठोक आहे. आत्ताच मनमानी दाणा-गवत चाराल, तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील. मग शिपाई कुणब्यांना लुबाडतील आणि रयतेला मोगल परवडले असे वाटेल!

पत्र उंदरांपर्यंत जाते, ही त्याची खरी गंमत. रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर पेटती वात पळवील, गवताला आग लागेल, पागा जळेल. नंतर कुणब्यांच्या माना मारल्या तरी ती पुन्हा उभारायला लाकूड मिळायचे नाही.