गदग्याला धार का नसते?

इंदापूरला गेलात की मालोजीराजांची गढी दाखवतात, बारामतीत बाबूजी नाइकांचा वाडा. तलवारींच्या गोष्टी दोन्हीकडे ऐकाल. पण तलवार शिकणाऱ्या पोराच्या हातात आधी काय द्यायचे?

फरी-गदगा. फरी म्हणजे चामड्याची छोटी ढाल, गदगा म्हणजे चामडं मढवलेली काठी. शिवजयंतीच्या मिरवणुकीत बघितला असेल तुम्ही.

आता त्याच्याकडे प्रयोगशाळेतल्या उपकरणासारखं बघा. काठी गोल, म्हणजे धारच नाही. खऱ्या तलवारीचं पातं जरा तिरकं पडलं तरी वार कापत नाही, नुसता आदळतो. गदग्यावर ही चूक कळतच नाही! मग तो शिकवतो काय? अंतर राखणं, पाय टाकणं, वार फरीवर घेऊन लगेच उलटा देणं. धारेचा सराव वेगळा: दांडपट्ट्याने लिंबू कापायचं. तिथे पातं नीट वळलं नाही तर लिंबू सांगतंच. वेजेटियस हा रोमन लेखक सरावाची लाकडी तलवार खरीच्या दुप्पट वजनाची सांगतो. गदगा उलट हलका. इथे भर ताकदीपेक्षा चपळाईवर असावा, असं माझं मत.

अडचण पुराव्याची आहे. नक्षीदार मूठ संग्रहालयात जाते, फाटका गदगा कोण जपणार? १८७८ च्या शस्त्र कायद्याने तलवारीला परवाना आणला. काठी मात्र तालमीत राहिली.

विषय शोधत असाल तर द. चिं. मुजुमदारांच्या व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड आधी चाळा. आणि जवळच्या आखाड्यात जाऊन गदग्याचं वजन करा, तराजू सोबत न्या.