परवाना शिक्षण मंडळाचा, श्रोते शहराचे

१/ सप्टेंबर १९३७. पोलिओच्या साथीमुळे शिकागोतील शाळा वेळेवर उघडल्या नाहीत. तेव्हा तिथल्या शिक्षण मंडळाने मुलांना घरबसल्या रेडिओवरून धडे दिले. परंतु ते खासगी केंद्रांनी विनामूल्य देऊ केलेल्या वेळेत. अमेरिकेत त्या काळी नभोवाणीवर जाहिरातदारांचे राज्य होते.

२/ १९३८ मध्ये संघीय संचार आयोगाने काही वाहिन्या शिक्षणासाठी राखून ठेवल्या. त्यांवरील पहिला परवाना क्लीव्हलँडच्या शिक्षण मंडळाला मिळाला. केंद्राचे नाव ‘डब्ल्यूबीओई’. त्यातील ‘बीओई’ म्हणजे ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’. १९४३ मध्ये शिकागोच्या मंडळाचे ‘डब्ल्यूबीईझेड’ सुरू झाले.

३/ परवानाधारक हा केवळ मालक नसतो. प्रक्षेपित होणाऱ्या प्रत्येक शब्दाची अंतिम जबाबदारी त्याची असते. प्रसारण वर्गपाठांपुरते होते तोवर ही व्यवस्था सोयीची होती. १९७० मध्ये ‘नॅशनल पब्लिक रेडिओ’ची स्थापना झाली आणि शिकागोचे केंद्र त्यात सामील झाले. श्रोता आता विद्यार्थी नव्हे, सारे शहर होते. मंडळाच्या कारभाराची बातमी द्यायची, ती मंडळाच्याच तिजोरीतून चालणाऱ्या केंद्राने, असा पेच त्या रचनेतच होता.

४/ आणि तिजोरी रिकामी झाली की? १९७८ मध्ये आर्थिक संकटात सापडलेल्या क्लीव्हलँडच्या मंडळाने आपले केंद्र बंद केले. वर्ग की रेडिओ, असा प्रश्न आल्यावर शिक्षण मंडळ वर्गच निवडणार. त्यासाठी त्याला दोष देता येत नाही. पण त्या निर्णयाची किंमत शहराने मोजली. त्याच ९०.३ मेगाहर्ट्झवर ‘डब्ल्यूसीपीएन’ हे नवे सार्वजनिक केंद्र उभे राहायला १९८४ उजाडले.

५/ शिकागोच्या मंडळावरही १९७९-८०च्या हिवाळ्यात शिक्षकांचे पगार थकवण्याची वेळ आली. केंद्र मात्र तगले. १९९० मध्ये परवाना ‘डब्ल्यूबीईझेड अलायन्स’ या ना-नफा संस्थेकडे गेला. पुढे १९९५ मध्ये तिथूनच ‘धिस अमेरिकन लाइफ’ हा कार्यक्रम सुरू झाला.

६/ शिक्षण मंडळांनी पुढाकार घेतला नसता, तर या शहरांत जाहिरातमुक्त नभोवाणी इतक्या लवकर रुजली नसती. मात्र जन्म देणाऱ्या संस्थेलाच शहरभर पसरलेल्या केंद्राचा भार आयुष्यभर पेलेल, असे नव्हे. शिकागोत मंडळाची सत्ता सरली, तरी केंद्राच्या नावात त्याची ‘बीई’ ही आद्याक्षरे आजही आहेत.